गप्प बसायची ऑनलाइन शिकवणी

झेंडू फुलायला लागला की आमच्या मळ्यात सावली पडत नाही. जमिनीतूनच एवढा पिवळा-केशरी उजेड वर येतो, की झाडाची सावली बिचारी कुठं पडावं याचा विचार करत ताटकळत राहते. मागं एक ट्रॅफिक हवालदार मखमलाबादच्या रस्त्यानं चालला होता. त्यानं आमच्या मळ्याकडं एकदा पाहिलं आणि खिशातला काळा गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. तो म्हणे अजून उतरवलेला नाही. पोरीचं लग्नसुद्धा त्यानं गॉगल लावूनच लावलं. माझ्या सांगण्यातून निम्मं वजा करा असं आमचे हे सगळ्यांना सांगत असतात, पण उरलेलं निम्मंसुद्धा काही कमी नसतं.

आताही फुलं टपोरी झालीत. परतीचा पाऊस दुपारी येतो, दोन सरी टाकून जातो, आणि मग असं ऊन पडतं की पाठीवर तवा ठेवल्यासारखं वाटावं. झेंडूचं पान चुरगळलं की हाताला एक कडवट, हिरवा वास बसतो. साबण लावा, माती चोळा, तो काही जात नाही. त्या वासानं मला माझी शाळा आठवते. लहानपणीची नव्हे. तिथं मी बाकावर कमी आणि वर्गाबाहेर जास्त असायचे, फार बोलते म्हणून. मी सांगतेय ती शाळा मोबाइलमधली. तीन आठवड्यांची. दुपारी दोन वाजता, फुलांनी भरलेल्या छोट्या टेम्पोच्या केबिनमध्ये भरायची. मोबाइल काचेला टेकवलेला, मागं झेंडूचे क्रेट, आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर वही घेऊन बसलेली. कॅन्सरच्या पेशंटला सोबत कशी करावी, याची ती शाळा.

मी त्या शाळेत का गेले, ते सांगायचं तर आधी अक्का सांगावी लागेल.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा चूल, गोठा, मळा आणि सासूबाई या चारही गोष्टी तिच्या ताब्यात होत्या. ती दिवसाला मोजून वीस शब्द बोलायची, त्यातले पंधरा माझ्या नावचे. बाकी तिचं सगळं बोलणं बोटांत. हार ओवताना ती सुईकडं बघायचीच नाही. नजर समोर गिऱ्हाइकावर, आणि खाली बोटं आपली आपली चाललेली. दोन झेंडू, एक पान, एक शेवंती. आणि शेवटी ती गाठ! गोदाकाठच्या फुलबाजारात अक्काच्या गाठीला नाव होतं. ती सुटायची नाही, विळ्यानं कापावी लागायची. एका माणसाच्या लग्नात अक्कानं बांधलेला हार घातला होता. त्याचा मुलगा आता कॉलेजात जातो आणि हार अजून खुंटीवर आहे. फुलं कधीच वाळून गेली, गाठ मात्र ठणठणीत.

मला सुई धरायला तिनंच शिकवलं. पहिल्याच दिवशी माझा हार हातात घेऊन म्हणाली, "मंदे, हा देवाला घालायचा का बैलाला?" त्या दिवसापासून मी ओवायचं काम तिच्यावर सोडलं आणि विकायचं स्वतःकडं घेतलं. ती ओवणार, मी बोलणार. पंचवीस वर्षं अशी छान चालली.

मग एका वर्षी अक्काला छातीचा कॅन्सर निघाला. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, पुढं केमो सुरू झाली. पहिलं औषध लाल रंगाचं होतं, त्यात तिचे केस गेले. आम्ही सगळ्या रडलो. अक्कानं ऊन लागू नये म्हणून तोडणीच्या वेळी बांधतात तसं डोक्याला फडकं बांधलं आणि विचारलं, "आज फुलं तोडायची का रडायचंच हे?" त्यानंतर दुसरं औषध सुरू झालं, दर आठवड्याला एक सलाईन. ते सोपं जातं असं सगळे म्हणायचे.

आमच्याकडं माणूस आजारी पडलं की गाव धीर द्यायला येतं. ही पद्धत मला आधी फार आवडायची, कारण धीर देण्यात माझा हात कोण धरणार! येणारा प्रत्येक जण शहाळं आणि एक बरा झालेला पेशंट घेऊन यायचा. कुणाचा साडू बरा झालेला, कुणाची विहीण. मी घरचीच, मी मागं कशी राहणार? मी माझ्या मावशीच्या नणंदेला चार-चार कॅन्सर लावले आणि चारही बरे करून तिला गिरनारच्या पायऱ्या चढायला लावल्या. वर पोचल्यावर ती फुगडीसुद्धा खेळली. या मावशीला नणंदच नाही, ही गोष्ट मी सोडून कुणाच्या लक्षात आली नाही. अक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. मला वाटायचं, ऐकतेय.

गणपतीत तर मी कळसच केला. एका मंडळानं पाहुण्यांच्या सत्कारासाठी आमच्याकडून मोठा हार नेला होता, अक्कानं ओवलेला. तो पाहुण्यांच्या गळ्यात पडला आणि गाठ सुटली. खरं सांगायचं तर पाच-सहा फुलं स्टेजवर पडली, पाहुणे हसले, कार्यक्रम पुढं चालू झाला. पण दुसऱ्या दिवशी बाजारात मी सांगितलं ते असं: हार सुटला, फुलांवरून पाहुण्यांचा पाय घसरला, त्यांनी माइक धरला, माइकनं पडदा धरला, पडदा खाली आला. ढोलपथकाला वाटलं हाच इशारा. त्यांनी दणक्यात ढोल सुरू केले, मिरवणूक निघाली, पार नदीपर्यंत गेली, आणि तिथं गेल्यावर लोकांच्या ध्यानात आलं की गणपती मांडवातच राहिला! सगळा फुलबाजार पोट धरून हसला. शेजारचा पानवाला तर हसता हसता केळीच्या खांबाला लटकला. अक्का आमच्याच गाळ्यात बसली होती. तीसुद्धा हसली. त्या सालचं माझं सगळ्यात भारी काम ते, असं मला पुढं कितीतरी दिवस वाटत होतं.

आठवडा गेला आणि अक्का म्हणाली, आता सलाईन नको.

नको म्हणजे तसं तोंडानं नाही म्हणाली. म्हणाली, पितरांत सुई टोचून घेत नाय मी. बरं. पितर संपले. म्हणाली, घट बसलेत, घरातून हलायचं नाय. बरं. मग म्हणाली, दसरा होऊ द्या. दवाखान्यातून फोन आला, फार दिवस थांबू नका, अर्ध्यात सोडलेलं औषध पुरतं काम करत नाही. थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते अंगणात येऊन नुसते उभे राहायचे आणि परत गोठ्यात जायचे. आमच्या ह्यांनी समजावलं, तिच्या माहेरच्यांनी शपथा घातल्या. अक्का दगड. आणि मी? मी रंगवून दोन नव्या बायका बऱ्या केल्या, त्यातली एक तर विमानातूनही फिरवून आणली. अक्कानं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला मोबाइलवर त्या वर्गाची लिंक पाठवली. मी उडी मारून नाव घातलं. माझा हिशेब सरळ होता. तिथं एखादं असं वाक्य शिकवत असतील, की ते टाकलं की पेशंट अंथरुणातून उठून थेट गाडीत जाऊन बसतो. एवढं एक वाक्य मिळालं की मी पुढं मीठमसाला घालून वापरणार होते.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवरच्या मॅडम म्हणाल्या, "इथे आपण काय बोलायचं ते शिकणार नाही आहोत. ऐकायचं कसं, ते शिकणार आहोत." मी टेम्पोत सरळ बसले. ऐकायला शिकवणी? हे म्हणजे श्वास घ्यायला क्लास लावल्यासारखं झालं.

मग त्यांनी जोड्या पाडल्या. एकीनं तीन मिनिटं बोलायचं, दुसरीनं फक्त ऐकायचं. माझ्या जोडीला देवळाली कॅम्पातली एक फौजीची बायको आली. लांब कुठंतरी तोफांचा सराव चाललेला, दर थोड्या वेळानं धडाम्. ती म्हणाली, "माझी आई जेवतच नाही हो. ताट समोर ठेवलं की..." आणि मी सुरू झाले. मावशीची नणंद, गिरनार, फुगडी. तोफ वाजत होती तरी माझा आवाज वर होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, माझी अजून अडीच मिनिटं बाकी आहेत."

मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी गप्प केलंय. मास्तरांनी छडीनं, सासूबाईंनी नजरेनं. पण इतक्या मऊ आवाजात कुणी माझी कानउघाडणी केली नव्हती. उरलेली अडीच मिनिटं मी वहीत तोंड खुपसून ऐकलं. तिची आई मीठ कमी म्हणून जेवत नव्हती, की तोंडाला चव नाही म्हणून, असलं काही नव्हतं. म्हातारीला जावयाच्या घरी आयतं बसून खायची लाज वाटत होती. शेंगा सोलायला दिल्या की दोन घास जास्त खायची. हे सगळं त्या अडीच मिनिटांत निघालं. मी बोलत राहिले असते तर ते तिथंच राहिलं असतं आणि गिरनारवर फुगडी चालू राहिली असती.

आता मळ्यामळ्यातून लोक मला बोलवायला येतात. कुणाच्या घरी असा आजार निघाला की म्हणतात, मंदाताईला न्या, ती ते शिकलीय. मी ऐटीत जाते, का जाऊ नये? पण जाऊन काय करते ते ऐकलं तर लोक हसतील. बसते. चहा येतो, थंड होतो. भिंतीवरच्या घड्याळामागची पाल सरकते. बोलायचा मोह तर असा येतो की घशात चिमण्यांचा थवा कोंडल्यासारखं होतं. पण मला आता माहीत आहे, आजारी माणसाचं खरं वाक्य पहिल्या पाच मिनिटांत कधी बाहेर येत नाही. आधी ते दारातून डोकावतं, पाहुणे गेले का बघतं.

त्या वेळी मात्र मी कच्ची होते. घरचा अभ्यास दिला होता: "कसं वाटतंय?" असं विचारू नका, त्यावर माणूस "बरंय" म्हणतो आणि विषय संपतो. "आजचा दिवस कसा गेला?" असं विचारा आणि थांबा. मी आधी ह्यांच्यावर करून पाहिलं. विचारलं, "आजचा दिवस कसा गेला तुमचा?" आणि थांबले. ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"काय झालं? टेम्पो ठोकला का?"

मी गप्प.

"माझ्या आईशप्पथ सांग मंदे, किती लागलंय?"

मी गप्प. ह्यांनी उठून टेम्पोला तीन चकरा मारल्या, टायर दाबून पाहिले. मग परत येऊन बसले आणि एकदम म्हणाले, "वहिनीचं काही झालं ना, तर दादा राहायचा नाही गं." सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याजवळ पहिल्यांदाच मनातलं काही बोलला असेल. वर्गातलं औषध लागू पडतंय, हे मला तेव्हा कळलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात झेंडूचा डोंगर असतो. गावातल्या पंधरा-वीस बायका तोरणं ओवायला बसतात. फुलांच्या पलीकडं बसलेलं माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. दर वर्षी या डोंगराच्या टोकाला अक्का बसायची आणि तिच्या पुढ्यातून तोरणं अशी निघायची की जणू नळातून पाणी. त्या वर्षी ती बाजूला, पेरूच्या झाडाखाली, फुलं निवडत बसली होती. बारकी एकीकडं, टपोरी एकीकडं. मी जाऊन तिच्याजवळ बसले. पुढ्यात पांढरी शेवंती घेतली. आणि गप्प झाले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पलीकडच्या बायकांचा आवाज बंद झाला. त्या फुलांवरून माना उंच करून बघू लागल्या. मी गप्प बसलेय हे पाहून एकीनं म्हणे देवाला हात जोडले.

शेवटी अक्काच म्हणाली, "तोंड आलंय का तुला?"

"नाय."

"मग?"

"बसले. अक्का, आजचा दिवस कसा गेला?"

"दिवस हे. जातोय."

मी थांबले. तिनं माझ्या पुढ्यातली शेवंती ओढली, सुई घेतली. किती दिवसांनी! चार फुलं ओवली. पाचवं ओवताना मला पांढऱ्या पाकळीवर लाल ठिपका दिसला. मग दुसरा. सुई तिच्या बोटात गेली होती, रक्त येत होतं, आणि अक्का समोर गावाकडं बघत ओवतच होती. तिला कळलंच नव्हतं.

माझ्या घशातल्या चिमण्या एकदम उडाल्या असत्या. मी दात आवळले. अक्कानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली फुलाकडं पाहिलं. बोट पदराला पुसलं.

"कळत नाय मला," ती म्हणाली. "सुई कुठं अन् बोट कुठं. मुंग्या येतात, मग लाकूड होतं त्याचं. दोन सलाईन झाल्या अन् तवापासून."

मी गप्प.

"गाठ बसत नाय. मी ओढते, मला वाटतं बसली. बसलेली नसती." आणि जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "तू बाजारात ते ढोलाचं सांगितलं ना. सगळी हसली. मी पण हसले. त्या दिवशी ठरवलं, आता पुरे. केस गेले तर फडकं बांधलं मंदे. बोटं गेली तर काय बांधू?"

पलीकडं कुणीतरी तोरण उचलून दाराला मापून पाहत होतं. सगळा बाजार हसवणारी मी! ती गोष्ट मी सतरा वेळा सांगितली होती. प्रत्येक वेळी ढोल वाढवले होते.

"माझं चुकलं अक्का," एवढंच म्हणाले. त्याला पुढं-मागं काही लावलं नाही.

"हं."

"डॉक्टरांना सांगितलं का बोटांचं?"

"ते विचारतात, ताप येतो का, उलटी होती का. बोटांचं कोण विचारतं? अन् एवढ्या मोठ्या दुखण्यात बोटांचं रडगाणं काय गायचं?"

"माझ्याबरोबर येशील? सलाईनला नको. नुसतं सांगायला."

अक्कानं बराच वेळ शेवंतीतली पाकळी न् पाकळी पाहिली. मग म्हणाली, "सांगणार मी. तू नाय सांगायचं. तू सांगितलं तर त्यांना वाटंल माझा हातच तुटला."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि विचारलं, "काय अक्का, कसं वाटतंय?" चुकीचा प्रश्न! आमच्या वर्गात डॉक्टर नापास झाले असते. अक्का म्हणाली, "बरंय." पंखा फिरत होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, कारण मी हातानंसुद्धा बोलते. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. तेवढ्या वेळात पिंपळगावहून द्राक्षाचा ट्रक निघून दिल्लीला पोचला असता. आणि मग अक्कानं दोन्ही पंजे उचलून टेबलावर ठेवले, फुलं मांडावीत तसे.

"डॉक्टरसाहेब, या बोटांवर माझं घर हे. तुमच्या औषधानं ती मेली. ती ठेवून मला वाचवता येत असंल तर सांगा."

डॉक्टरांनी फाइल मिटली. कापसानं, पिनेच्या टोकानं एकेक बोट तपासलं, डोळे मिटायला लावून. हे आधीच सांगायला हवं होतं, म्हणाले. औषधाचं प्रमाण कमी करता येतं, लागलं तर बदलताही येतं. पुष्कळांची बोटं हळूहळू सुधारतात, पण सगळी पहिल्यासारखी होतील असा शब्द देत नाही. अक्कानं मान हलवली. तिला शब्द न देणारा माणूस आवडतो, मला माहीत होतं. दादा दारात उभे होते, रुमाल पिळून पिळून त्यांनी त्याची वात केली होती.

"किती राहिल्यात?" अक्कानं विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं.

"लावा मग."

आज ती अंगणात आहे, झेंडूच्या डोंगराच्या टोकाला. उजव्या हाताची दोन बोटं अजून अर्धीच जागी आहेत. म्हणून ती आता सुईकडं बघत ओवते आणि शेवटची गाठ दातांनी ओढते. हार पहिल्याइतके भराभर होत नाहीत. दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, आदल्या दिवशी घरात कुणाला धड जेवण जात नाही. ते दिवस आम्ही एकमेकींना दिवस कसा गेला ते विचारत काढतो. पण झेंडूच्या या वासाबरोबर मला आठवते ती पुन्हा सलाईन लावली त्या दुपारची दवाखान्यातली खोली. ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीच्या शेजारी एक बाटली लटकलेली, बाहेर दसऱ्याची वाळलेली तोरणं. नर्सनं सुई लावली, थेंब सुरू झाले. मी बाजूच्या स्टुलावर बसले, शिकवल्याप्रमाणं. पाठ सरळ, तोंड बंद, चेहऱ्यावर समजूतदार भाव. अर्धा तास गेला. अक्का एकदा माझ्याकडं, एकदा बाटलीकडं बघत होती.

"मंदे."

"काय अक्का?"

"बोल की काहीतरी. तू अशी गप्प बसली तर मला वाटतं, मी आता जातेच."

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. मी स्टूल पुढं ओढलं.

"खरं सांगू का रंगवून?"

अक्कानं डोकं मागं टेकवलं, डोळे मिटले.

"रंगवून," ती म्हणाली. "खरं काय ते मला ठाऊकच हे."